शाळेतली चित्रकला: ध्येयं, अध्ययन निष्पत्ती आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत गणित-इंग्रजीची चौकशी झाल्यावर, निघता निघता एखादी आई चित्रकलेबद्दल विचारते. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही या विषयाची पाळी जेवणानंतरच येते. अशा ठिकाणी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. भर महाराष्ट्रातल्या शाळांवर आहे, आणि इयत्ता पहिली ते दहावीवर.

चित्रकलेला ध्येयं आणि निष्पत्ती कशाला? मुलांना मोकळेपणाने रंगवू द्यावं ना!

मोकळेपणा हवाच. पण बऱ्याच शाळांत मोकळेपणाच्या नावाखाली चित्रकलेचा तास म्हणजे ‘काढा काहीतरी, आवाज करू नका’ एवढाच उरतो. सर वह्या तपासत बसतात, मुलं तेच ते काढतात आणि पहिलीतलं चित्र सातवीतही जवळपास तसंच राहतं. फक्त स्केचपेनचे रंग वाढलेले असतात. भाषेत असं झालं असतं तर पालक मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन बसले असते.

ध्येयं लिहून ठेवली की शिक्षकाला स्वतःशी विचारता येतं: या मुलाला गेल्या वर्षी जे दिसत नव्हतं, करता येत नव्हतं, सांगता येत नव्हतं, ते आता जमतंय का? अध्ययन निष्पत्ती हव्यात त्या यासाठी. ‘सगळ्यांची चित्रं सारखी सुबक’ अशी अपेक्षा कुठल्याही आराखड्यात नाही.

ध्येय, क्षमता, अध्ययन निष्पत्ती हे तीन शब्द सतत येतात. फरक काय?

ध्येय मोठं आणि लांबचं असतं, काही वर्षांत गाठायचं. क्षमता त्याच्या आतली. निष्पत्ती म्हणजे वर्गात डोळ्यांना दिसेल, नोंदवता येईल अशी गोष्ट.

सहावी ते आठवीचं उदाहरण घेऊ. मुलाने कल्पनाशक्ती वापरून एकाच विषयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघावं, हे ध्येय झालं. एका विषयाचे दोन-तीन आराखडे करून त्यातला एक कारण देऊन निवडता येणं ही क्षमता. आणि ‘गावची जत्रा’ या विषयावर मुलीने तीन छोटी कच्ची रेखाटनं केली, त्यातलं पाळण्यावरून खाली बघतानाचं निवडलं आणि ‘वरून बघितलं की गर्दी जास्त वाटते’ असं सांगितलं, ही झाली निष्पत्ती. तिचं पक्कं चित्र पुढे कसं झालं हा वेगळा प्रश्न.

राष्ट्रीय आराखड्यात दृश्यकलेबद्दल नेमकं काय आहे?

कला दहावीपर्यंत सगळ्यांना असावी, हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळीच सांगून झालं होतं. २०२० चं शैक्षणिक धोरण आणि त्यावर आधारलेला २०२३ चा शालेय शिक्षणाचा आराखडा यांनी कला हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानलं आणि दृश्यकला, नाट्य, संगीत, नृत्य अशी त्याची अंगं वेगळी करून प्रत्येकाची ध्येयं लिहिली.

दृश्यकलेची ध्येयं माझ्या शब्दांत सांगायची तर अशी: न घाबरता वेगवेगळ्या प्रकारे व्यक्त होणं, कल्पनाशक्ती वापरून पर्याय शोधणं, साहित्य, तंत्र आणि प्रक्रिया हाताळणं, आणि निसर्गातलं, आपल्या परिसरातलं, संस्कृतीतलं सौंदर्य ओळखणं. तिसरी ते पाचवीत हे साध्या पातळीवर आहे. सहावी ते आठवीत त्याच धाग्यांना आत्मविश्वास, कलेची मूलतत्त्वं आणि प्रादेशिक कलापरंपरा जोडल्या जातात. त्याआधीच्या पायाभूत स्तरावर, म्हणजे बालवाडी ते दुसरी, मुलाने भावना आनंदाने कलेतून मांडाव्यात एवढीच अपेक्षा आहे.

आराखड्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. कलेत करणं, विचार करणं आणि रसास्वाद घेणं या तिन्ही गोष्टी बरोबर चालाव्यात असं त्यात म्हटलंय. आपल्याकडे सगळा भर करण्यावर. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या चित्रासमोर उभं राहून चार वाक्यं बोलायला सांगितली की नववीतली हुशार मुलंही ‘छान आहे’च्या पुढे सरकत नाहीत.

या आराखड्यानुसार एनसीईआरटीने (केंद्राची शालेय अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं तयार करणारी संस्था) तिसरीसाठी ‘बांसुरी’ आणि सहावीसाठी ‘कृति’ अशी कलेची पाठ्यपुस्तकंही काढली आहेत. राज्य मंडळाच्या शिक्षकांनी ती चाळायला हरकत नाही.

कोणत्या वयात किती अपेक्षा ठेवायची?

इयत्तेपेक्षा वाढीचा टप्पा बघा. मुलांच्या चित्रांचे टप्पे कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४० च्या दशकात मांडले. वयाच्या सीमा थोड्या इकडेतिकडे होतात, पण क्रम वर्गात आजही ओळखू येतो.

दोन ते चार वर्षांचं मूल गिरगटतं. त्यात अर्थ शोधत बसू नका. हाताची हालचाल आणि कागदावर उमटणारी रेघ यांचा संबंध त्याला लागतोय, हेच मोठं काम. चार ते सात या वयात डोक्यातूनच हातपाय फुटलेली माणसं येतात. आई घरापेक्षा मोठी असते, कारण ती महत्त्वाची असते. सात ते नऊच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि सगळं तिच्यावर उभं राहतं. भिंत पारदर्शक होते आणि घरातला पंखा, टीव्ही, ताटं बाहेरून दिसतात. बाईंनी ‘भिंतीतून कसं दिसेल?’ असं म्हणून हे खोडायला लावलं तर फार नुकसान होतं. मूल जे जाणतं ते काढतंय, आणि या वयाची निष्पत्ती तीच आहे.

खरी अडचण पाचवीपासून पुढे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना चित्र ‘खऱ्यासारखं’ हवं असतं आणि हाताला ते जमत नसतं. ‘मला चित्र काढता येत नाही’ हे वाक्य बहुतेकांच्या तोंडी याच वयात पहिल्यांदा येतं, आणि अनेकांच्या बाबतीत ते जन्मभर राहतं. तेव्हा याच टप्प्यावर निरीक्षण शिकवायला हवं: जवळची वस्तू मोठी का दिसते, भांड्याचं तोंड गोल असूनही बाजूने लंबगोल का दिसतं, पानाची सावली हिरवी का काळी. सहावी-सातवीत छायाप्रकाश, रंगांची मिश्रणं, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं दाखवण्याची रीत) यांची ओळख करून देण्यामागचं कारण हे. मूल मागतंय तेव्हाच ते मिळालं पाहिजे. तिसरीत यथार्थदर्शन शिकवून फार काही साधत नाही.

आमच्या मुलाला चित्रकला अजिबात जमत नाही. जबरदस्ती करावी का?

नको. पण ‘जमत नाही’ म्हणजे काय ते एकदा विचारा. कित्येक मुलांना हुबेहूब काढता येत नाही, पण मातीत हात घातला की ती वेगळीच दिसतात. कोलाज, ठसेकाम, फोटो, मातीकाम, कागदकाम हे सगळं दृश्यकलेतच येतं.

सगळी मुलं दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि झोपडी हेच का काढतात?

कारण ते चित्र त्यांनी कुठे पाहिलेलं नाही, कुणीतरी शिकवलेलं आहे. सोलापूरच्या मुलाच्या चित्रात नारळ येतो आणि मुंबईत सातव्या मजल्यावर राहणारी मुलगी कौलारू झोपडी काढते. ‘निसर्गचित्र’ म्हटलं की हात आपोआप तिकडे वळतो, आणि पेपर बरा दिसत असल्यामुळे शेरा ‘उत्तम’ मिळतो.

यावर उपदेशाचा उपयोग नसतो. विषय बदलावा लागतो. ‘निसर्गचित्र काढा’ ऐवजी ‘वर्गाच्या डावीकडून तिसऱ्या खिडकीतून दिसतं ते, त्या खिडकीच्या चौकटीसकट काढा’ असं सांगून बघा. पुठ्ठ्याला पोस्टकार्डाएवढी चौकोनी खिडकी कापून मुलांच्या हातात द्यायची आणि त्यातून मैदान बघायला लावायचं. पहिली दहा मिनिटं तक्रारी येतात: ‘सर, यात काहीच नाहीये’. मग कुणाला पाण्याच्या टाकीखालची शेवाळाची पट्टी दिसते, कुणाला विजेच्या तारांनी आभाळाचे केलेले तुकडे. सूर्य कुणीच काढत नाही, कारण तो चौकटीत नसतो. निरीक्षणाची निष्पत्ती तपासायला याहून सोपा तास मला माहीत नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा म्हणजेच चित्रकलेचा अभ्यासक्रम ना?

नाही, आणि हा गैरसमज आपल्याकडे खोलवर रुजलाय. या दोन शासकीय रेखाकला परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. त्या ऐच्छिक आहेत. एलिमेंटरीत वस्तुचित्र (समोरच्या वस्तू बघून), स्मरणचित्र (आठवणीतला प्रसंग), संकल्पचित्र (नक्षीकाम) आणि कर्तव्य भूमिती (उपकरणांनी काढायच्या आकृत्या) व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. निकाल ए, बी, सी अशा श्रेणींत.

या परीक्षांनी महाराष्ट्रात मोठं काम केलंय हे मान्य करायलाच हवं. तालुक्याच्या शाळेतल्या पोरालाही तांब्या-वाटी-पेरू समोर ठेवून बघण्याची सवय लागली, रंगाचा वॉश कसा द्यायचा ते कळलं, अक्षरांमधलं अंतर डोळ्याने मापता यायला लागलं. दुसऱ्या कुठल्या विषयात, शाळेबाहेर कसलाही खर्चिक क्लास न लावता, इतकं शिस्तबद्ध हातकाम मिळत नाही.

मात्र ती कौशल्याची परीक्षा आहे, तीही ठरावीक चौकटीतली. तिच्यात रसास्वाद नाही, मातीकाम नाही, एकत्र मिळून केलेलं काम नाही. आणि स्मरणचित्राचं तर नावच हरवलंय. क्लासवाले बाजार, बसथांबा, मिरवणूक, बाग अशा चार-पाच रचना पाठ करून घेतात. विषय कुठलाही येवो, तीच टोपलीवाली बाई आणि तोच सायकलवाला तिथे जाऊन बसतो. स्मरण कसलं, ते पाठांतर.

तेव्हा आठवी-नववीत मुलांना परीक्षेला जरूर बसवा, पण पाचवीपासूनचा अख्खा तास तिच्या तयारीला देऊ नका. परीक्षेला बसणारी मुलं वर्गात थोडी असतात. उरलेल्यांचं काय करायचं, याचं उत्तर ध्येयांमध्ये सापडतं.

दहावीला किती गुण मिळतात?

राज्य मंडळाच्या दहावीत इंटरमिजिएटच्या श्रेणीवर ए ला ७, बी ला ५ आणि सी ला ३ असे वाढीव गुण धरले जातात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, त्यामुळे प्रमाणपत्र वेळेत शाळेत द्या. तारखा आणि शुल्क दर वर्षी बदलतं, शाळेच्या सूचनेवर लक्ष ठेवा.

नववी-दहावीच्या वेळापत्रकात कला कुठे आहे?

राज्य मंडळात ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणीचा विषय आहे. त्याचा तास गणिताच्या जादा तासात विरघळतो, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

चित्रकलेला गुण द्यायचे कशावर? आवड कशी मोजणार?

आवड मोजायची नसते, वाढ नोंदवायची असते. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्यात कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांना केवळ आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणारं, मूल्यमापन ठेवलं गेलं. म्हणजे सत्राच्या शेवटी लेखी पेपर नाही. दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशा साधनांतून वर्षभर नोंदी करायच्या. कल्पना उत्तम. पण साठ मुलांचा वर्ग आणि प्रत्येकाची वर्णनात्मक नोंद म्हटल्यावर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: व्हॉट्सॲपवर नोंदींची तयार पीडीएफ फिरू लागली. ‘रंगसंगतीची जाण आहे’, ‘चित्रे सुबक काढते’, ‘कलेची आवड आहे’. हजेरीपटाच्या क्रमाने एकेक वाक्य उतरवायचं, की झालं.

उपयोगी नोंद कशी असते? समजा तिसरीतली मुलगी फुलं काढतेय. ‘चित्रे सुबक काढते’ या वाक्यातून तिच्याबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी: ‘जूनमध्ये सगळी फुलं पाच गोल पाकळ्यांची. ऑगस्टमध्ये जास्वंद समोर ठेवल्यावर मधला लांब दांडा आणि त्यावरचे पिवळे ठिपके दाखवले. कोवळ्या पानासाठी हिरव्यात पिवळा आपणहून मिसळला.’ तीन ओळी, पण निरीक्षण आणि माध्यम हाताळणं या दोन्ही क्षमतांचा पुरावा त्यात आहे.

साठ मुलांच्या अशा नोंदी दर महिन्याला कोणीही लिहू शकत नाही. आठवड्याला पाच मुलं ठरवा. त्या तासाला त्यांच्याकडेच नीट बघा. सत्रात सगळा वर्ग एकदा होतो. बाकी पुरावा संचिकेत, म्हणजे मुलाच्या कामाच्या फाइलमध्ये (पोर्टफोलिओ), ठेवा. संचिकेत केवळ ‘चांगली’ चित्रं लावू नका, कच्ची रेखाटनं आणि फसलेले प्रयत्नही तारीख टाकून राहू द्या. शेवटी मुलालाच त्यातली दोन चित्रं निवडायला सांगा आणि का निवडली ते विचारा.

श्रेणी द्यायचीच असेल तर निकष आधी, मुलांच्या भाषेत सांगावेत. ‘शाळेसमोरचा रस्ता’ या विषयाला फळ्यावर तीन प्रश्न लिहिले तरी पुरे: तू खरंच बघितलेलं काय काय आलंय? जवळचं आणि लांबचं कसं दाखवलंस? एखादी गोष्ट बदलायची झाली तर कुठली? स्वच्छता आणि टापटीप यांना चित्रकलेच्या निकषांत पहिलं स्थान देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खोडरबराने झिजलेल्या कागदावर कधी कधी वर्गातला सगळ्यात जास्त विचार झालेला असतो.

शाळेत कलाशिक्षकच नाहीत. मग निष्पत्ती कोण साध्य करणार?

बहुतेक जिल्हा परिषद शाळांची हीच स्थिती आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिकवणारा) असावा अशी तरतूद आहे. त्याहून लहान शाळेला त्या तरतुदीतून काही मिळत नाही, आणि पटाच्या अटीमुळे निदेशकांच्या नेमणुकांचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत राहतं.

वर्गशिक्षकाने आपण चित्रकार नाही म्हणून मागे राहू नये. पहिली ते पाचवीच्या निष्पत्तींसाठी शिक्षकाला चित्र काढता येण्याची गरजच नाही. उलट फळ्यावर सुंदर मोर काढणाऱ्या गुरुजींच्या वर्गात साठ मोर तयार होतात. साहित्य देणं, नेमका विषय देणं, प्रश्न विचारणं आणि चित्रं भिंतीवर लावणं एवढं जमलं तरी बरंच झालं. गावातला कुंभार, सुतार, बुरूड, मूर्तिकार यांना एखाद्या तासाला बोलावता येतं. गणपतीच्या आधी मूर्तीच्या कारखान्यात नेलं तर डोळ्यांची आखणी बघताना वर्ग आपोआप गप्प होतो.

विज्ञान, भूगोलात चित्रं काढून घेतो. मग वेगळा चित्रकलेचा तास हवा का?

हवाच. कला समन्वित अध्ययन, म्हणजे कलेच्या आधाराने इतर विषय शिकणं, ही चांगली गोष्ट आहे आणि सीबीएसईने २०१९ पासून त्यावर बराच जोर दिलाय. पण त्याच सीबीएसईने कलेसाठी आठवड्याला किमान दोन तासिका स्वतंत्रपणे ठेवायला सांगितल्या, हे शाळा सोयीस्करपणे विसरतात. जलचक्राचा तक्ता रंगवला तर जलचक्र समजेल कदाचित; रंगाबद्दल काही शिकल्याची खात्री नाही. कागदाचं तोरण लावून आणि तक्ते सजवून कलाशिक्षण झालं असं समजू नये.

साहित्याचा खर्च परवडत नाही.

गेरू, हळद, कोळसा, चुना, विटेची भुकटी, शाळेच्या आवारातली माती, जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. रंग धरून राहायला डिंकाचं पाणी. चुना मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. विकतचं काही घ्यायचंच असेल तर बारा रंगांच्या पेटीऐवजी लाल, पिवळा, निळा आणि पांढरा असे चार पोस्टर कलर वर्गासाठी मिळून घ्या. हिरवा मिळाला नाही की मूल तो बनवतं, आणि रंगमिश्रणाची निष्पत्ती वेगळी शिकवावी लागत नाही.

वारली चित्रं शिकवली की स्थानिक कलेचं ध्येय पूर्ण होतं का?

दोन त्रिकोण जोडले, वर गोल डोकं ठेवलं, चार रेघा ओढल्या की माणूस तयार, एवढ्यावर थांबलं तर नाही. पालघर-डहाणूकडच्या पाड्यांवर हे चित्र सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढलं जात आलंय. लग्नातला चौक (चौकोनी मंगलचित्र) सवाशिणी लिहितात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागद-कापडावर आणलं, जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना हे सांगा, आणि मग तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचाचं एखादं चित्र समोर ठेवून विचारा: मधे तारपा वाजवणारा आणि भोवती वळत गेलेली माणसांची रांग, मग या चित्राची वरची बाजू कुठली? क्षितिज कुठे गेलं? त्यावर दहा मिनिटं बोलणं झालं तर प्रादेशिक सौंदर्यदृष्टी समजून घेण्याचं ध्येय खरंच हाताशी येतं.

वारलीच्या पलीकडेही बघा. सिंधुदुर्गात पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आहे, सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आहे, कोकण-गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी कावी कला आहे. कोल्हापूर-सांगलीच्या मुलाला तर दारातली रांगोळीसुद्धा पुरते. आजीला ठिपके मोजताना बघून तिचा नियम शोधून काढायला सांगा.

मुलं मोबाइलवर किंवा एआयने चित्र बनवून आणतात. चालेल?

आणू देत, पण तयार चित्र एवढाच पुरावा धरू नका. कच्चे आराखडे, निवडीची कारणं, वर्गात समोर केलेलं काम बघा. करण्याबरोबर विचार करणंही मोजलं की ही भीती बरीच कमी होते.

आम्ही अमेरिकेत राहतो. तिथले कलेचे मानक वेगळे आहेत का?

मांडणी वेगळी आहे. तिथे २०१४ मध्ये कलाशिक्षणाचे राष्ट्रीय गाभा मानक तयार झाले. ते ऐच्छिक आहेत; प्रत्येक राज्य आपले ठरवतं, अनेकांनी याच सांगाड्यावर आधारून ठरवले. त्यात पाच कला आणि चार प्रक्रिया आहेत: निर्मिती, सादरीकरण, प्रतिसाद आणि जोडणी. या चार प्रक्रियांखाली एकूण ११ मुख्य मानक येतात. दृश्यकलेत सादरीकरण म्हणजे कुठलं चित्र, कुठे, कसं, कशाशेजारी लावायचं याचा विचार. आपल्याकडे प्रदर्शन स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री शिक्षकच लावतात, त्यामुळे हा भाग आपल्याला नवा वाटतो. ‘जोडणी’त घरचे अनुभव आणि संस्कृती येते. तिथल्या मराठी मुलांनी दिवाळीचा किल्ला किंवा रांगोळी हा विषय घेतला तर तो त्यात अगदी नेमका बसतो.

शाळेला नेमकं काय विचारावं?

‘चित्रकलेत कितवा नंबर?’ हे विचारू नका. आठवड्याला किती तासिका आहेत, आणि त्या खरोखर होतात का? संचिका बघायला मिळेल का? या सत्रात रंगांखेरीज आणखी कुठलं माध्यम झालं? मुलं एकमेकांच्या चित्रांवर बोलतात का? दुसऱ्या प्रश्नालाच अडखळायला झालं तर परिस्थिती कळतेच.

पुढे यातच शिकायचं असेल तर?

बारावीनंतर चार वर्षांचा बीएफए, म्हणजे ललित कलेतला पदवी अभ्यासक्रम, आहे. राज्यातल्या सामायिक प्रवेश परीक्षेत संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं, म्हणजे शाळेतल्या रेखाकला परीक्षांची तयारी इथे कामी येते. कलाशिक्षक व्हायचं असेल तर कला शिक्षक पदविका, म्हणजे एटीडी. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून चालू आहे आणि २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथले प्रवेशाचे नियम त्यांच्याच संकेतस्थळावर बघावेत. आणि मुलाखतीला नेण्यासाठी ती संचिका, फसलेल्या चित्रांसकट, आठवीपासूनच जपून ठेवा.